गेम खेळणाऱ्यांसाठी दीड ते सहा हजारांची भेट: काय घ्यावे आणि काय दुकानातच राहू द्यावे

भाऊबीज, वाढदिवस किंवा दहावी-बारावीचा निकाल अशा एखाद्या निमित्ताने घरातल्या गेम खेळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला काही द्यायचे ठरले, की बहुतेक मामा-आत्यांची नजर पहिल्यांदा 'गेमिंग कॉम्बो' नावाच्या खोक्यावर जाते. कीबोर्ड, माउस, हेडफोन आणि माउसपॅड अशा चार वस्तू दोन-अडीच हजारांत मिळतात, खोके भरगच्च दिसते, आतल्या जवळपास प्रत्येक वस्तूला रंगीत दिवे असतात आणि देणाऱ्यालाही आपण पुष्कळ काही दिल्याचे समाधान मिळते. या किमतीतील वस्तूंचा विचार करताना असा एकही संच शिफारस करण्याजोगा वाटलेला नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

कारण साधे आहे. दोन हजार रुपये चार वस्तूंत वाटले गेले, की एकेकीच्या वाट्याला पाचशे रुपये येतात आणि त्यातलेही बरेचसे दिव्यांवर आणि खोक्याच्या छपाईवर जातात. अशा एका संचातला कीबोर्ड वापरून पाहिला, तेव्हा पळण्यासाठी डब्ल्यू आणि शिफ्ट दाबून ठेवल्यावर उडीसाठी स्पेसबार दाबला, तर गेममधले पात्र पळत राहायचे, पण उडी काही मारायचे नाही. स्वस्त कीबोर्डात कळांखालच्या तारांची जाळी काटकसरीने आखलेली असते, त्यामुळे ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या, तर तिसरी संगणकापर्यंत पोहोचतच नाही. टंकलेखनात ही उणीव कधी जाणवत नाही, गेममध्ये मात्र पहिल्या दहा मिनिटांत जाणवते. त्याच संचातला हेडफोन काढताना त्याच्या कमानीचा करकर आवाज यायचा आणि माउस उचलून ठेवला की पडद्यावरचा बाण भलतीकडे जाऊन थांबायचा. म्हणून दीड ते सहा हजार रुपयांच्या पट्ट्यात एकच वस्तू घ्यावी, ती नावाजलेल्या कंपनीची घ्यावी आणि जी रोज हाताला किंवा कानाला लागते तीच घ्यावी, असे स्पष्ट मत आहे.

वस्तू ठरवण्याआधी मात्र एक चौकशी टाळता येत नाही: ज्याला भेट द्यायची, तो नेमका कशावर खेळतो? 'प्लेस्टेशन आहे', म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे सोनीचे यंत्र आहे, एवढे उत्तर पुरत नाही. प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल आवृत्तीला चकती घालायची खाच नसते, त्यामुळे हौसेने आणलेली गेमची डिस्क तिथे शोभेची ठरते. प्लेस्टेशन ४ चा ड्युअलशॉक ४ हा कंट्रोलर (दोन्ही हातांत धरून खेळायचे बटणांचे उपकरण) प्लेस्टेशन ५ ला जोडता येतो, पण त्यावर फक्त जुने, म्हणजे प्लेस्टेशन ४ चेच गेम खेळता येतात. निन्टेन्डो कंपनीच्या पहिल्या स्विच या गेमयंत्राला साधे मायक्रोएसडी कार्ड चालते, तर २०२५च्या जूनमध्ये आलेल्या स्विच २ ला गेम साठवण्यासाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेस नावाचे वेगळे आणि बरेच महाग कार्ड लागते. दोन्ही कार्डे आकाराने सारखीच दिसत असल्याने दुकानात चूक होणे सहज शक्य आहे. शिवाय निन्टेन्डोची यंत्रे भारतात अधिकृतपणे विकलीच जात नाहीत, त्यामुळे त्यांच्या सुट्या वस्तूंची वॉरंटी हा भरवशाचा विषय नाही. थेट विचारले तर भेटीची गंमत जाते असे वाटत असेल, तर मुलाच्या मित्राला विचारावे किंवा टेबलाचा एक फोटो मागवून घ्यावा. टेबलावर काय नाही, हेही त्याच फोटोत दिसते.

संगणकावर किंवा लॅपटॉपवर खेळणाऱ्यासाठी या किमतीत सर्वांत समाधानकारक भेट म्हणजे माउस. लॉजिटेकचा जी १०२ हा तारेचा माउस साधारण दीड ते दोन हजारांत मिळतो. वजन सुमारे ८५ ग्रॅम, सहा बटणे, आकार मध्यमाहून थोडा लहान. तळहात पूर्ण टेकवून धरणाऱ्या मोठ्या हाताला तो अपुरा वाटतो, शाळकरी मुलांच्या हाताला मात्र अगदी बरोबर बसतो. त्याच्या जवळपासच्या किमतीतला रेझरचा डेथॲडर इसेन्शियल अंगाने मोठा आणि उजव्या हाताच्या बेताने वळवलेला आहे, त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या, रुंद पंजाच्या मुलासाठी तो अधिक सोयीचा ठरेल. भेट घेणारा डावखुरा असेल, तर डेथॲडर बादच समजावा. जी १०२ चा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने तो डाव्या हातात बसतो, पण अंगठ्याची दोन बटणे डावीकडेच असल्यामुळे डावखुऱ्याच्या अंगठ्याला ती मिळत नाहीत.

थोडे अधिक खर्चायची तयारी असेल, तर लॉजिटेकचाच जी ३०४ घ्यावा. हा बिनतारी माउस अडीच ते साडेतीन हजारांच्या आसपास असतो आणि सेलमध्ये आणखी खाली येतो. बिनतारी माउस म्हटले की जुन्या खेळाडूंच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण ऑफिसमधल्या साध्या बिनतारी माउसमध्ये हात हलणे आणि बाण हलणे यांत जाणवण्याइतका उशीर असतो. जी ३०४ मध्ये तो जाणवत नाही. एका एए सेलवर तो सुमारे २५० तास चालेल असे कंपनी सांगते. यूएसबीत लावायचा चिमुकला रिसीव्हर पाठीचे झाकण उघडल्यावर सेलच्या शेजारच्या खाचेत ठेवता येतो, ही बारीकशी सोय प्रवासात लॅपटॉप नेणाऱ्यांना विशेष आवडते. दोष सांगायचा तर वजनाचा: सेलसकट तो ९९ ग्रॅमपर्यंत जातो आणि सेल मागच्या बाजूला असल्याने माउस उचलताना शेपटीकडे कलतो. नेमबाजीचे वेगवान गेम तासन् तास खेळणाऱ्याला हे खटकेल, बाकीच्यांना नाही.

खोक्यावर छापलेल्या डीपीआयच्या (माउस इंचभर सरकला की बाण किती हलतो, याच्या) आकड्यांकडे मात्र दुर्लक्ष करावे. जी १०२ चा आकडा ८,००० आहे, जी ३०४ चा १२,०००, आणि नाव न ऐकलेल्या काही माउसांवर याहूनही मोठे आकडे आढळतात. प्रत्यक्षात बहुतेक खेळाडू ४०० ते १,६०० च्या दरम्यानच खेळतात. माउससोबत टेबलभर पसरणारे, साधारण ९० बाय ४० सेंटिमीटरचे कापडी माउसपॅड सहाशे-सातशे रुपयांत येते आणि त्याचा उपयोग माउसइतकाच होतो, विशेषतः ज्या घरांत अभ्यासाचे टेबल काचेचे किंवा गुळगुळीत सनमायकाचे असते तिथे.

हेडफोनच्या बाबतीत जास्त सावध राहायला हवे, कारण कानाला काय बरे वाटेल हे खोक्यावरून कळत नाही. हायपरएक्सचा क्लाउड स्टिंगर २ हा तीन ते चार हजारांच्या पट्ट्यातला भरवशाचा पर्याय आहे. वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, आवाजाची चकरी कानाच्या कपावरच, आणि माइक वर वळवला की आपोआप बंद. ही शेवटची सोय भारतीय घरांत फार मोलाची आहे. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली की माइक वर करायचा, बोलून घ्यायचे आणि पुन्हा खाली. पलीकडच्या चार मित्रांना घरातला संवाद ऐकू जात नाही. खोक्यावर '७.१ सराउंड' लिहिले आहे म्हणून हजार रुपये जास्त देऊ नयेत. या किमतीत प्रत्येक कानाला एकच स्पीकर असतो आणि सातही दिशांचा भास सॉफ्टवेअर करते. काही खेळाडू तर तो बंद करूनच खेळतात, कारण त्याने पावलांचा आवाज घुमल्यासारखा येतो.

दोन गोष्टी विकत घेतानाच तपासाव्यात. पहिली, जोडणी. प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचे गेमयंत्र एक्सबॉक्स यांच्या कंट्रोलरला साडेतीन मिलिमीटरचे छिद्र असते, त्यामुळे त्या पिनचा हेडफोन दोन्हीकडे आणि बहुतेक लॅपटॉपवरही चालतो. फक्त यूएसबीचा हेडफोन संगणकासाठी ठीक, पण एक्सबॉक्सवर तो चालेलच असे नाही. जुन्या डेस्कटॉपला आवाजाचे आणि माइकचे छिद्र वेगवेगळे असते, तेव्हा शंभर-दीडशे रुपयांचा स्प्लिटर सोबत द्यावा, नाहीतर भेट उघडल्याबरोबर माइक चालत नाही म्हणून तक्रार सुरू होते. दुसरी गोष्ट कानाच्या गादीची. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याला रेक्झिनच्या गादीचा हेडफोन देताना हे लक्षात ठेवावे, की दमट हवेत आणि घामात त्या रेक्झिनचे दीड-दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात आणि खेळून उठलेल्या मुलाच्या कानामागे काळ्या बारीक चिकट कपच्या दिसतात. कापडी किंवा जाळीदार गादी असेल तर उत्तम. नसेल, तर बदलायची गादी बाजारात मिळणारे मॉडेल निवडावे.

मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच (खटका) असलेला कीबोर्ड, हा अनेकांच्या मनातला विषय असतो आणि रेडरॅगनचा ८७ कळांचा के ५५२ हा अडीच-तीन हजारांतला दणकट, जड आणि योग्य पर्याय आहे. पुण्याच्या कॉस्मिक बाइटचे कीबोर्डही याच पट्ट्यात मिळतात आणि देशी कंपनी असल्याने दुरुस्ती-बदलीसाठी संपर्क साधणे सोपे जाते. येथे प्रश्न कंपनीचा कमी आणि स्विचच्या रंगाचा जास्त आहे. निळ्या स्विचला प्रत्येक दाबासरशी टकटक आवाज होतो. खेळणाऱ्याला तो हवाहवासा वाटतो, पण वन बीएचकेमध्ये रात्री अकरानंतर शेजारच्या खोलीत झोपलेल्या आजोबांना नाही. लाल स्विच त्या मानाने शांत. घर लहान असेल तर लाल, एवढे दुकानदाराला ठामपणे सांगावे.

कंट्रोलरकडे वळले की किंमत पट्ट्याच्या वरच्या टोकाला जाते. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वायरलेस कंट्रोलर आणि सोनीचा प्लेस्टेशन ५ साठीचा ड्युअलसेन्स हे दोन्ही पाच-सहा हजारांच्या घरात असतात आणि रंगानुसार किंवा हंगामानुसार थोडे वर-खाली होतात. ज्याच्याकडे प्लेस्टेशन ५ आहे त्याला दुसरा ड्युअलसेन्स देणे ही जवळजवळ निश्चित यशस्वी भेट आहे, कारण यंत्रासोबत साधारणपणे एकच कंट्रोलर येतो आणि भावंडांत भांडण असते ते दुसऱ्यासाठी. संगणकावर खेळणाऱ्याला मात्र एक्सबॉक्सचा घ्यावा. विंडोज त्याला लगेच ओळखते आणि ब्लूटूथवरून तो फोनलाही जोडता येतो. ड्युअलसेन्स संगणकावर चालतो, परंतु त्याची खरी खासियत असलेली बारीक कंपने आणि ताठर होणारे ट्रिगर (तर्जनीने दाबायची बटणे) काही मोजक्याच गेममध्ये आणि तेही तार जोडल्यावर अनुभवता येतात. मग संगणकासाठी तो कशाला घ्यायचा?

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला अंगची बॅटरी नसते, दोन एए सेल लागतात. यावरून अनेकजण नाक मुरडतात, पण भेट देणाऱ्यासाठी ही संधी आहे. पॅनासॉनिक एनेलूपसारखे पुन्हा चार्ज होणारे चार सेल आणि चार्जर असा संच ही स्वतंत्रपणे देण्याजोगी, कमी खर्चाची आणि अत्यंत उपयोगी भेट ठरते. कंट्रोलर आधीच घरात असलेल्या मुलाला ती जरूर द्यावी. त्याच सेलवर वर सांगितलेला जी ३०४ ही चालतो.

तीन हजारांच्या आत संगणकासाठी किंवा अँड्रॉइड फोनसाठी कंट्रोलर हवा असेल, तर एटबिटडूचा अल्टिमेट २सी किंवा गेमसरचा नोव्हा लाइट पाहावा. नेहमीच्या कंट्रोलरमध्ये अंगठ्याखालच्या काडीची हालचाल मोजण्यासाठी आत एक संपर्क कार्बनच्या पट्टीवर घासत असतो. वापराने ती पट्टी झिजते आणि मग हात न लावताही पात्र आपोआप एका बाजूला चालू लागते. या दोघांत त्या जागी चुंबक आणि त्याची हालचाल स्पर्श न करता मोजणारा हॉल सेन्सर असल्याने घासण्याचा प्रश्नच येत नाही. हे दोन्ही कंट्रोलर प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यंत्रांवर मात्र चालत नाहीत, हे विसरू नये. बाराशे-पंधराशे रुपयांत 'ओरिजिनलसारखाच' म्हणून मिळणारा ड्युअलशॉक ४ हा फर्स्ट कॉपी असतो, आणि तो विकणारा दुकानदारही बहुधा ते लपवत नाही.

आपल्याकडे बहुसंख्य मुले फोनवर खेळतात, आणि नेमके त्यांच्यासाठीच्या भेटींत सर्वांत जास्त भंगार विकले जाते. फोनला चिकटवायची ट्रिगरची बटणे, आवाज करणारे छोटे पंखे, बंदुकीच्या आकाराचे स्टँड ही सगळी खरेदी दोन आठवड्यांत खणात जाते. बीजीएमआय (पब्जी मोबाइलची भारतीय आवृत्ती) खेळणाऱ्याला कंट्रोलर देणेही व्यर्थ आहे, कारण तो गेम कंट्रोलरने खेळायची सोय देत नाही. त्याला कानात बसणारे चांगले तारेचे इयरफोन द्यावेत. मूनड्रॉपचे चू २ साधारण दोन हजारांच्या आत मिळतात आणि पावलांचा आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे त्यांत स्वच्छ कळते. ब्लूटूथच्या स्वस्त इयरबड्समध्ये गोळीचा आवाज गोळी लागून गेल्यावर येतो. फोनला साडेतीन मिलिमीटरचे छिद्र नसेल, तर यूएसबी-सीचा छोटा डीएसी (फोनच्या यूएसबीला इयरफोनची पिन जोडून देणारा जोड) सोबत घ्यावा. मुलाने 'फक्त यूसी टाकून दे' अशी, म्हणजे बीजीएमआयमधले विकतचे चलन भरून देण्याची, मागणी केली, तर ती पूर्ण करण्यात गैर काही नाही, परंतु २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली आणि पुढे २०२२च्या जुलैपासून बीजीएमआयही सुमारे दहा महिने बंद होता, हे पाहता गेममधल्या कपड्यांवर मोठी रक्कम घालवावी की नाही हे देणाऱ्याने ठरवावे.

वस्तूऐवजी गेमच द्यायचा असेल, तर स्टीम हे संगणकावरचे दुकान २०१५ पासून रुपयांत व्यवहार करते आणि तिथे पैसे परत मिळण्याचा नियमही उदार आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असेल, तर सहसा रक्कम परत मिळते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा छोटेखानी गेम स्वस्तात मिळतो, राजस्थानी वाड्यांची आणि पहाडी चित्रशैलीची त्यातली मांडणी देखणी आहे, मात्र लढाईत काही ठिकाणी हालचाली जड वाटतात. दोन भावंडांसाठी, किंवा खेळणारी मुलगी आणि तिचे उत्सुक वडील यांच्यासाठी, 'इट टेक्स टू' सुचवावासा वाटतो. तो एकट्याने खेळताच येत नाही, आणि एकाने विकत घेतला तर दुसऱ्याला वेगळ्या घरातूनही फुकट सामील होता येते. पूर्ण किंमत देण्याआधी सेलची वाट पाहावी, डिसेंबरच्या उत्तरार्धात सेल हमखास लागतो.

परदेशातल्या मावशी-काकांसाठी एक सूचना येथेच द्यायला हवी. अमेरिकेत घेतलेले प्लेस्टेशनचे गिफ्ट कार्ड भारतीय खात्यावर चालत नाही. स्टीमवरही दोन देशांतल्या किमतींत फार फरक असेल, तर भेट पाठवलेला गेम समोरच्याला स्वीकारता येत नाही. अशा वेळी भारतातल्याच कोणाकरवी रुपयांतले कार्ड घ्यावे. एक्सबॉक्स गेम पास या, अनेक गेम खेळू देणाऱ्या योजनेच्या वर्गणीचे दर २०२५च्या ऑक्टोबरमध्ये वाढले. ती वर्गणी द्यायची असेल, तर आपले बँक कार्ड जोडून न देता ठरावीक महिन्यांचा कोड द्यावा, म्हणजे पुढच्या वर्षी अचानक पैसे वळते होत नाहीत. दहा हजारांच्या आतली 'गेमिंग चेअर' मात्र कोणालाही देऊ नये, तिच्यावर बसण्यापेक्षा घरातली साधी लाकडी खुर्ची आणि उशी बरी.

कुठून घ्यावे, याबाबत मुंबईकरांना ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेची लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, आजही सोयीची आहे. तिथल्या संगणकाच्या दुकानांत माउस हातात धरून पाहता येतो, आणि हा फायदा ऑनलाइन खरेदीत नाही. पुण्यात हाच अनुभव तपकीर गल्लीच्या परिसरात घेता येतो. लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात. फुटपाथवरच्या टेबलांवर पाहावे, घ्यावे दुकानातून. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, एमआरपी, उत्पादनाचा देश आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असलेले लेबल छापलेले किंवा चिकटवलेले असणे कायद्याने आवश्यक आहे. ते नसेल, तर वस्तू आडमार्गाने आलेली आहे असे समजून ती तिथेच ठेवावी. 'बिल नको असेल तर तीनशे कमी' अशी सूट देऊ केली जाते, ती घेऊ नये, कारण पक्क्या बिलाशिवाय वॉरंटीचा दावा बहुधा उभाच राहत नाही.

ऑनलाइन घेतल्यास विक्रेत्याचे नाव पाहावे आणि वस्तू बदलून देण्याची मुदत वस्तू हाती पडल्यापासून मोजली जाते, भेट उघडल्यापासून नाही, हे ध्यानात ठेवावे. दिवाळीच्या सेलमध्ये घेऊन डिसेंबरातल्या वाढदिवसाला द्यायचा बेत असेल, तर खोके अलगद उघडून माउसचे प्रत्येक बटण, हेडफोनचे दोन्ही कान आणि कंट्रोलरच्या दोन्ही काड्या एकदा तपासून घ्याव्यात, बिलाचा फोटो काढून ठेवावा आणि मगच रंगीत कागद गुंडाळावा.